घरच्या प्रिंटरवर पुस्तिका: आधी पानांचं गणित, मग पैशांचं



या वेळच्या व्हिडिओत कागदाची घडी आणि सेंटर पिन कशी मारायची ते दाखवलंय. पण हात बसला म्हणजे धंदा बसला असं नाही. पुस्तिका छान होते, ऑर्डरही मिळते आणि महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही, असं घरून छपाई करणाऱ्या बऱ्याच जणांचं होतं. कारण रेट सांगताना फक्त कागद आणि शाई धरलेली असते. म्हणून व्हिडिओत जे मावलं नाही ते इथे लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

१. छापायचं काय?

सोसायटीच्या गणपतीचा आरती संग्रह, संक्रांतीच्या वाणासाठी पाककृतींची पुस्तिका, क्लासचे सराव संच, बचत गटाच्या मालाची यादी, वर्षश्राद्धाला वाटायची आठवणींची पुस्तिका. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: प्रती थोड्या लागतात, साधारण २० ते १००, आणि तारीख ठरलेली असते. तुमचं गिऱ्हाईक इथे आहे.

मजकूर मात्र तपासून घ्या. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. समर्थ रामदासांची आरती तुम्ही खुशाल छापा. पण आजच्या कवीचं भक्तिगीत, एखाद्या प्रकाशनाचं गाईड किंवा त्यांच्या पुस्तकातली चित्रं परवानगीशिवाय छापून विकायची नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं "चालतं हो, सगळे करतात", तरी नाही.

२. पानांचं गणित

ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटर. मधोमध घडी घातली की ए-५ होतो, १४८ × २१०. पाठपोट छापलं तर एका कागदावर पुस्तिकेची ४ पानं बसतात. म्हणून एकूण पानं ४ च्या पटीतच हवीत: ८, १२, १६, २०. मजकूर १४ पानांचा असेल तर पुस्तिका १६ चीच होणार. उरलेली दोन पानं कोरी सोडण्यापेक्षा तिथे जाहिरात घ्या किंवा "टिपणं" म्हणून रेघा मारून द्या.

पानं छापायची ती मात्र १, २, ३ अशी ओळीने नाही. १६ पानांच्या पुस्तिकेत पहिल्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १ येतात, मागे २ आणि १५. दुसऱ्या कागदावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. ओळखायची खूण सोपी आहे: शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानं अधिक १, म्हणजे इथे १७. बेरीज चुकली तर प्रिंट देऊ नका.

ही मांडणी हाताने करायची गरज नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडर फुकट मिळतो. त्यात प्रिंटच्या खिडकीत "बुकलेट" निवडा. वर्डमध्ये पेज सेटअपला "बुक फोल्ड" आहे. ते काय करतंय हे मात्र तुम्हाला कळायला हवं, नाहीतर मध्येच कागद अडकला की पुढचं सगळं उलटसुलट होतं.

३. मजकूर आणि फॉन्ट

पान पहिल्यापासून ए-५ चंच ठेवा. ए-४ वर टाइप करून लहान केलं तर अक्षर सुमारे ७१ टक्के होतं. १६ चा फॉन्ट मग सव्वाअकराचाच उरतो आणि आजी-आजोबा पुस्तिका लांब धरून वाचतात. पाककृतींना १२, आरतीला १४ ते १६ ठेवा.

फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे फुकट मिळतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल आली तर तुमच्या कॉम्प्युटरवर ती भलतीच अक्षरं दाखवेल. अशा वेळी गिऱ्हाइकाकडून पीडीएफ मागवा. तुम्हीही छपाईआधी पीडीएफच बनवा, म्हणजे अक्षरं हलत नाहीत.

४. छपाई

दोन्ही बाजू आपोआप छापणारा प्रिंटर असेल तर "फ्लिप ऑन शॉर्ट एज" निवडा. लाँग एज राहिलं तर मागचं पान उलटं येतं. साधा प्रिंटर असेल तर आधी सगळ्या पुढच्या बाजू काढा, गठ्ठा फिरवून घाला, मग मागच्या बाजू. गठ्ठा कसा फिरवायचा हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. कोपऱ्यात पेन्सिलने फुली मारून एका कागदावर करून बघा आणि ते प्रिंटरवरच चिठ्ठी लावून लिहून ठेवा.

आतल्या पानांना ७५ किंवा ८० जीएसएम कागद पुरतो. कव्हरला जाड कार्डशीट लावण्याआधी प्रिंटर किती जीएसएमपर्यंत घेतो ते बघा. गणपतीच्या ऑर्डरी पावसाळ्यात येतात. ओल धरलेला कागद वाकतो आणि दोन-दोन एकदम ओढले जातात. रीम उघडली की उरलेला कागद पुन्हा पिशवीत बंद करा. रंगीत कव्हरच्या एका नमुन्यावर पाण्याचा थेंब टाकून बोट फिरवा. शाई पसरली तर पूजेच्या पुस्तिकेचं कव्हर झेरॉक्सवाल्याकडून लेझरवर काढून घ्या.

५. घडी, पिन, कटिंग

जाड कव्हरला आधी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या आणि मग घडी घाला. नाहीतर घडीवर कव्हर फुटतं. पिन मारायला लाँग आर्म स्टेपलर घ्या. सुरुवातीला तो नसेल तर साधा स्टेपलर पूर्ण उघडा, खाली थर्मोकोल ठेवा, पिना टोचा आणि मागून हाताने वळवा. ५० प्रतींपर्यंत हे जमतं.

घडी घातल्यावर आतली पानं बाहेर सरकतात. म्हणून बाहेरच्या बाजूला पुरेसा समास सोडा आणि शेवटी कटरने कड सारखी करा. ४० पानांच्या पुढे गेलात की पुस्तिका फुगते, नीट मिटत नाही.

६. पैशांचं गणित

आता खरा धडा. १६ पानं, वेगळं कव्हर, ५० प्रती. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे दर घालून पुन्हा मांडा. एका प्रतीचा खर्च:

- आतले ४ कागद, ६० पैशांप्रमाणे: २.४०
- शाई, ८ बाजू, २० पैशांप्रमाणे: १.६०
- कव्हरची कार्डशीट ४ आणि रंगीत छपाई २: ६.००
- पिना: ०.१०

झाले १०.१०. बरेच जण इथेच थांबतात आणि "दहाची वस्तू वीसला, दहा सुटले" म्हणतात. पुढे मांडा.

- वाया जाणारं, १० टक्के: १.००
- प्रिंटरची झीज: १५,००० चा प्रिंटर ३०,००० बाजू छापेल असं धरलं तर बाजूला ५० पैसे. ९ बाजूंचे: ४.५०

झाले १५.६०. आता तुमचा वेळ. सेटिंग आणि प्रूफ अडीच तास, छपाई एक तास, घडी-पिन-कटिंग प्रतीला ३ मिनिटं म्हणजे अडीच तास. एकूण ६ तास. तासाचे ८० रुपये धरले तर ४८०, म्हणजे प्रतीला ९.६०. एकूण खर्च २५.२०.

वीसला विकली तर प्रतीमागे ४.४० उरतात, ५० प्रतींचे २२०. सहा तासांचे २२०, तासाला ३७ रुपयेही नाहीत! घडी घालायला घरच्यांना बसवलं तर त्यांचे तासही यातच धरा. आईचा, बायकोचा वेळ फुकट धरून काढलेला नफा हा नफा नव्हे. २५.२० वर २५ टक्के नफा घेतला तर रेट ३२ च्या आसपास येतो. त्याखाली जाऊ नका.

७. मोठी ऑर्डर आली तर?

हेच २०० प्रतींचं करून बघा. सेटिंग तेच अडीच तास, पण छपाई ४ तास आणि घडी-पिन १० तास. साडेसोळा तासांचे १,३२०, म्हणजे प्रतीला ६.६०. खर्च २२.२०. प्रती चौपट झाल्या आणि खर्च उतरला फक्त ३ रुपये! गिऱ्हाईक मात्र "जास्त घेतोय, निम्म्यात द्या" म्हणतं.

ऑफसेट प्रेसचं उलट असतं. प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च १०० प्रतींना तेवढाच आणि १,००० ला तेवढाच. म्हणून तिथे प्रती वाढल्या की दर झपाट्याने उतरतो. तुम्ही त्यांच्याशी दरात भांडू शकत नाही. तुमच्याकडे आहे ते वेगळं: २५ प्रती घ्यायची तयारी, प्रत्येक प्रतीवर वेगळं नाव, संध्याकाळी दुरुस्ती आणि सकाळी माल. विकायचं ते हे. २०० च्या पुढची ऑर्डर आली तर आधी प्रेसचं कोटेशन घ्या. सेटिंग तुम्ही करा, छपाई तिकडे द्या, सेटिंगचे आणि धावपळीचे पैसे उघड लावा. ऑर्डर हातची जात नाही आणि रात्रीही जागाव्या लागत नाहीत.

दोन नियम कायमचे. पन्नास टक्के आगाऊ घेतल्याशिवाय रीम फोडायची नाही. आणि प्रूफवर गिऱ्हाइकाचं लेखी "ओके" आल्याशिवाय छापायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चालेल. आडनावं आणि तारखा त्यांना मोठ्याने वाचायला लावा.

निवडणुकीचं पत्रक आलं तर सावध राहा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता लागतो आणि प्रकाशकाचं साक्षीदारांसह सही केलेलं घोषणापत्रही घ्यावं लागतं. घरच्या प्रिंटरला यात सूट नाही. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गृहपाठ

दोन ए-४ कागद घ्या, ८ पानांची पुस्तिका करा. शेजारच्या पानांची बेरीज ९ येते का बघा. मग घड्याळ लावून पाच प्रतींची घडी घाला, पिना मारा आणि एका प्रतीला किती मिनिटं लागली ते लिहा. तो आकडा वरच्या हिशेबात माझ्या ३ मिनिटांच्या जागी घाला, तासाचा तुमचा दर घाला. जो रेट येईल तो कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. पुढच्या गिऱ्हाइकाला तोच सांगायचा.