आहे तसे राहून पुढे जाणे : उर्सुला बर्न्स यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत 'अस्सल नेतृत्व' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणे बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीचे माजी प्रमुख बिल जॉर्ज यांनी २००३ साली याच नावाचे पुस्तक लिहिले आणि या विषयाचा बोलबाला झाला. अर्थ अवघड नाही. पुढाऱ्याने दुसऱ्याची नक्कल करू नये, मनात एक आणि ओठांवर दुसरे असे ठेवू नये, आपल्या तत्त्वांना धरून कारभार करावा. मालातील खोट आधी दाखवून मगच भाव सांगणाऱ्या दुकानदाराला यात नवे काहीच वाटणार नाही.

परंतु हा सल्ला सर्वांना सारख्याच किमतीत मिळत नाही. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या पुरुषांच्या हाती राहिला. कार्यालयात कसे बोलावे, केस कसे ठेवावेत, कोणते कपडे शोभतात, याची मापे त्यांच्याच अंगावरून घेतली गेली. ज्याच्या अंगावरून माप घेतले त्याला कपडा बसणारच. कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन अमेरिकन किंवा मूळनिवासी स्त्री तेथे गेली की तिला 'तू आहेस तशी राहा' असे सांगितले जाते आणि ती तशी राहिली की तेच खटकते. गोऱ्या अधिकाऱ्याने बैठकीत आवाज चढविला तर तो खंबीर. कृष्णवर्णीय स्त्रीने चढविला तर ती रागीट. आशियाई स्त्री मुळातच गरीब स्वभावाची असणार, असे धरून चाललेले असते. ती गप्प बसली तर तिच्यात नेतृत्वाचे गुण नाहीत आणि बोलली तर ती आगाऊ. या कोंडीतून वाट कशी निघते, हे पाहण्यासाठी झेरॉक्स कंपनीच्या उर्सुला बर्न्स यांची कारकीर्द बारकाईने पाहण्यासारखी आहे. (आपल्याकडे कागदाच्या नकलेलाच 'झेरॉक्स' म्हणतात, ती हीच कंपनी.)

बर्न्स यांचा जन्म १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. आई पनामा देशातून आलेली. तिने तीन मुलांना एकटीने वाढविले. घरी इतरांची मुले सांभाळणे, कपड्यांना इस्त्री करणे, साफसफाई करणे अशी कामे करून तिने मुलांच्या शाळेचा खर्च भागविला. सरकारी वसाहतीतील ते घर, आजूबाजूला गरिबी आणि नशाबाजी. मुलगी गणितात हुशार होती. ती यांत्रिक अभियंता झाली, १९८० साली उन्हाळी उमेदवार म्हणून झेरॉक्समध्ये आली आणि १९८१ साली कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन तेथेच कामाला लागली.

हे दार तिच्यासाठी आपोआप उघडलेले नव्हते. झेरॉक्सचे मूळ गाव रॉचेस्टर. तेथे १९६४ च्या जुलैमध्ये वांशिक दंगल झाली. त्यानंतर कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी कृष्णवर्णीयांना नोकरीत घेण्याचे धोरण जाणीवपूर्वक राबविले. पुढे कृष्णवर्णीय नोकरदारांनी कंपनीतच आपल्या संघटना उभ्या केल्या, बढतीचे हिशेब मागितले, नव्याने येणाऱ्यांना हाताशी धरले. बर्न्स आल्या तेव्हा ही पायवाट पडलेली होती.

आता मुख्य प्रसंग. १९८९ साली कंपनीत एक चर्चासभा भरली होती. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना नोकरीत घेतल्याने कामाचा दर्जा खाली येत नाही का, असा प्रश्न एकाने विचारला. वेलँड हिक्स हे वरिष्ठ अधिकारी सभा चालवीत होते. त्यांनी शांतपणे, तसे काही होत नाही असे समजावून सांगितले. बर्न्स यांना प्रश्नापेक्षा हे शांत उत्तरच अधिक लागले. असल्या प्रश्नाला इतक्या अदबीने उत्तर द्यावेच का, असे त्यांनी हिक्स यांना तोंडावर सुनावले.

काही आठवड्यांनी हिक्स यांनी त्यांना बोलावून घेतले. तुमचे म्हणणे बरोबर होते, पण ते मांडण्याची रीत चुकली, असे सांगितले. येथे गोष्ट संपली असती तर ती नेहमीचीच ठरली असती. परंतु हिक्स त्यांना नियमितपणे भेटत राहिले आणि १९९० च्या सुरुवातीला त्यांनी बर्न्स यांना आपली कार्यकारी सहायक म्हणून घेतले. आपल्याला चारचौघांत टोकणाऱ्या कनिष्ठ स्त्रीला आपल्याच शेजारची खुर्ची देणारे मालक किती निघतील? दुकान असो वा कारखाना, प्रत्येकाने आपल्या पेढीवर नजर फिरवून याचे उत्तर शोधावे.

पुढचा प्रसंग पॉल अॅलेअर यांच्यासमोरचा. ते झेरॉक्सचे प्रमुख. दर महिन्याच्या बैठकीत ते नवी भरती बंद करा असे बजावीत आणि पुढच्या महिन्यात पाहावे तर सुमारे हजार माणसे नव्याने घेतलेली असत. मोठमोठे अधिकारी गप्प. बर्न्स यांनी विचारले, तुम्ही भरती नको म्हणता आणि तरी ती होते, तर मग नको म्हणून ती खरोखर थांबवू शकेल असा माणूस तरी कोण? अॅलेअर यांनी त्यांना बोलाविले, तेव्हा आता नोकरी गेली असेच त्यांना वाटले. मिळाले ते अॅलेअर यांच्या कार्यकारी सहायकाचे काम, १९९१ साली.

या दोन्ही प्रसंगांत खरे बोलणे ही निम्मीच बाब आहे. दुसरा निम्मा भाग ऐकणाऱ्याचा. हिक्स आणि अॅलेअर यांनी तिची धार बोथट केली नाही, ती कोठे व कशी चालवावी हे शिकविले. धीराने ऐकून घेणे, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय त्याला देणे, समोरच्याचा पाणउतारा न करता त्याची चूक दाखविणे, हे बर्न्स यांनी पुढील वर्षांत आत्मसात केले. यालाही काही जण मुखवटा म्हणतील. मला ते पटत नाही. कारागीर हत्याराला मूठ बसवितो, तेव्हा पाते बदलत नाही.

१ जुलै २००९ रोजी बर्न्स झेरॉक्सच्या प्रमुख झाल्या. फॉर्च्यून मासिकाच्या ५०० मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या यादीत प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांच्याआधी ॲन मल्काही प्रमुख होत्या. एका स्त्रीकडून दुसरीकडे असा कारभार त्या यादीत प्रथमच गेला. पदावर आल्यावरही स्वभाव तोच. २०१० साली विक्रेत्यांच्या सभेत त्यांनी सांगितले, की आपण स्वतःला एक कुटुंब म्हणवतो, पण एकमेकांशी फारच गोड वागतो. खऱ्या कुटुंबात माणसे तोंडावर बोलतात.

त्यांचे सगळेच निर्णय फळले असे मात्र नाही. पद हाती येताच त्यांनी सुमारे ६४० कोटी डॉलरला एसीएस ही सेवा पुरविणारी कंपनी विकत घेण्याचे ठरविले. तो व्यवहार २०१० मध्ये पूर्ण झाला. २०१६ च्या अखेरीस तोच व्यवसाय कॉन्ड्युएंट नावाने पुन्हा वेगळा काढावा लागला. सचोटी आणि सौद्याचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आलीच, असे नाही.

वेशाची बाब यापेक्षाही नाजूक आहे. चेन्नईत जन्मलेल्या इंद्रा नूयी २००६ ते २०१८ पेप्सिको कंपनीच्या प्रमुख होत्या. येल विद्यापीठात शिकताना त्या अंगाला न बसणारा स्वस्त सूट घालून एका मुलाखतीला गेल्या आणि अगदी खजील झाल्या. तेथील सल्लागार बाईंच्या सांगण्यावरून पुढच्या मुलाखतीला त्या साडी नेसून गेल्या आणि उन्हाळ्याचे काम मिळाले. परंतु कार्यालयात चाललेली ती साडी अशिलाच्या कंपनीत चालण्यासारखी नव्हती. त्या भेटीला त्यांना नेले गेले नाही, असे त्यांनी २०२१ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे.

वरच्या खुर्चीची गोष्ट बाजूलाच राहो, खालच्या पायरीवरही हाच अडथळा असतो. २००८ साली ओक्लाहोमातील टल्सा शहरात समंथा एलॉफ ही १७ वर्षांची मुस्लिम मुलगी अॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानात नोकरीसाठी गेली. डोक्याला स्कार्फ होता. मुलाखत घेणाऱ्या अधिकारी बाईंनी तिला योग्य ठरविले, परंतु वरिष्ठाने स्कार्फ दुकानाच्या पोशाखनियमात बसत नाही म्हणून गुण कमी करविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ जून २०१५ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी निकाल तिच्या बाजूच्या पक्षाला मिळाला. धार्मिक सवलत द्यावी लागेल म्हणून नोकरी नाकारणे हा भेदभावच आहे आणि मालकाला पक्की माहिती नव्हती ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नैसर्गिक केशरचनेला नोकरीत संरक्षण देणारा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. डोक्यावरचे केस जसे उगवतात तसे ठेवता यावेत म्हणून कायदा लागला, यावरून मापे किती घट्ट होती ते कळते.

बर्न्स २०१६ च्या अखेरीस प्रमुखपदावरून उतरल्या. त्यानंतर त्या यादीत कायम नेमणुकीची दुसरी कृष्णवर्णीय स्त्री प्रमुख दिसण्यास २०२१ उजाडले. त्या वर्षी रोझलिंड ब्रूअर वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानांच्या कंपनीत आणि थसुंडा ब्राउन डकेट टीआयएए या निवृत्तिनिधीच्या संस्थेत प्रमुख झाल्या. ब्रूअर यांनी २०२३ मध्ये पद सोडले.