चरबीचा निरोप आणि सांध्यांची सूज



विलेपार्ल्याच्या वस्त्यांत आरोग्य तपासणी करताना आम्हाला भगिनींकडून एक प्रश्न नेहमी ऐकू येतो : "ताई, मी तर जाडी नाही, मग शुगर आणि सांधेदुखी मला कशी?" या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग लेप्टिन नावाच्या संप्रेरकात आहे.

लेप्टिन म्हणजे काय?

चरबी ही नुसती साठवण नाही, ती एक ग्रंथीही आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने चरबीच्या पेशींतून येणाऱ्या या संप्रेरकाचा जनुक शोधला. साठा पुरेसा आहे, आता भूक आवर, असा निरोप लेप्टिन मेंदूला देते. चरबी वाढली की लेप्टिन वाढते. पण ते सतत जास्त राहिले, की मेंदू त्या निरोपाला दाद देईनासा होतो.

सूज कशी वाढते?

हाच निरोप रक्तातील पांढऱ्या पेशीही ऐकतात. लेप्टिन त्यांना लढायला उभे करते, सूज आणणारी रसायने वाढवते आणि लढाई थांबवणाऱ्या नियामक पेशींना मागे ठेवते. उपाशी उंदरांची प्रतिकारशक्ती खालावते आणि लेप्टिन दिल्यावर सावरते, हे १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवले. पुढे नेपल्सच्या संशोधकांना दिसले की, लेप्टिन नसलेल्या उंदरांना मज्जासंस्थेचा स्वयंप्रतिकार आजार जडत नाही. लेप्टिन टोचले की जडतो.

स्वयंप्रतिकार आजारात आपलीच फौज आपल्याच अवयवांवर उलटते. आमवात आणि लुपस ही त्याची उदाहरणे. लुपसच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. स्त्रियांत लेप्टिनही पुरुषांपेक्षा जास्त असते. मात्र हे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, तंबाखू, जंतुसंसर्ग यांचाही वाटा असतो.

बारीक अंगातील चरबी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! डॉ. याज्ञिकांच्या गटाला असेही आढळले की, पुण्याकडची बाळे इंग्लंडमधील गोऱ्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने हलकी असूनही त्यांच्या नाळेतील लेप्टिन जवळपास तेवढेच होते.

म्हणजे आईच्या पोटातली उपासमार लेकराच्या अंगात उतरते. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या आपल्या समाजासाठी हा केवळ विज्ञानाचा विषय नाही. गरोदर भगिनीच्या ताटातील डाळ, अंडे, भाजी हा हक्काचा प्रश्न आहे.

आपण काय करावे?

१. कंबर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर वजन कमी दिसले तरी साखर व रक्तदाब तपासा.

२. सकाळी हातांची बोटे अर्ध्या-एक तासाहून जास्त आखडत असतील, सांधे सुजत असतील आणि हे काही आठवडे चालले असेल, तर बाम चोळत बसू नका. कूपर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. उशीर झाला तर बोटे कायमची वाकडी होतात.

३. आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेणे जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ती चालत नाही. मनाने कोणतेही औषध बंद करू नका.

४. लेप्टिनची तपासणी किंवा 'लेप्टिन घटवणारी' पावडर यांवर पैसे घालवू नका. चालणे, पुरेशी झोप, कडधान्ये, आणि तंबाखू-मिश्री सोडणे हाच मार्ग.

५. वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह आणि सांधेदुखीने ग्रासले होते. ते दुखणे अंगावर घेऊन त्यांनी संविधानाचे काम तडीस नेले. आपण मात्र दुखणे अंगावर काढू नये. भोजनाची मात्रा जाणा, असा उपदेश तथागतांनी अति खाणाऱ्या पसेनदी राजाला केला होता. ज्याच्या ताटात जास्त आहे त्याने तो पाळावा. ज्याच्या ताटात कमी आहे, त्याचे ताट भरण्यासाठी आपण संघटित व्हावे.

जयभीम! नमो बुद्धाय!