चौकटींचे कोडे आणि प्राध्यापक श्रीखंडे

वर्तमानपत्रातील सुडोकूचे कोडे आपल्यापैकी अनेकांनी सोडविले असेल. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि तीन-तीन घरांच्या प्रत्येक चौकात १ ते ९ हे अंक एकेकदाच यावयाचे, एवढाच त्याचा नियम. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन गृहस्थांचे हे कोडे १९७९ साली तेथील एका मासिकात छापले गेले; १९८४ मध्ये ते जपानात पोहोचले आणि तेथेच त्याला आजचे नाव मिळाले. त्याचे मूळ मात्र पुष्कळ जुने आहे.

स्विस गणितज्ञ ऑयलर याने १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात एक प्रश्न मांडला. सहा पलटणींतील सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे असे एकूण ३६ अधिकारी आहेत. प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल, असे त्यांना चौरसात उभे करता येईल काय? तीन पलटणी व तीन हुद्दे असतील, तर उत्तर सोपे आहे. अक्षर म्हणजे पलटण आणि अंक म्हणजे हुद्दा मानून पाहा:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

सहांची रचना ऑयलरला साधली नाही. ती अशक्यच असावी आणि ६, १०, १४, १८ अशा, चारांनी भागल्यास बाकी दोन उरणाऱ्या, सर्व संख्यांसाठीही अशक्य असावी, असे त्याने अनुमान केले. सहांच्या बाबतीत ते खरे ठरले. फ्रान्समधील तारी यांनी सुमारे १९०० साली सर्व शक्यता तपासून ते सिद्ध केले.

परंतु थोरांचे अनुमान म्हणजे सिद्धता नव्हे! १९५९ साली राजचंद्र बोस व आपले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी २२ घरांचा असा चौरस रचून दाखविला. पार्कर यांनी १० घरांचा रचला. लवकरच तिघांनी मिळून सिद्ध केले, की सहापुढील अशा सर्व संख्यांसाठी रचना शक्य आहे. १७७ वर्षांचे अनुमान कोसळले. १९१७ साली सागर येथे जन्मलेल्या श्रीखंडे यांनी पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुखपद भूषविले. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, ते निवर्तले.

हा केवळ खेळ नव्हे. समजा, आपल्या कडोदऱ्याच्या परिसरात उसाच्या चार वाणांची तुलना करावयाची आहे. जमिनीचा कस एका बाजूकडून दुसरीकडे बदलत असल्यास एकाच वाणाला सुपीक पट्टा मिळून निष्कर्ष चुकेल. शेताचे सोळा वाफे पाडून प्रत्येक ओळीत व स्तंभात प्रत्येक वाण एकदाच लावला, म्हणजे हा पक्षपात टळतो. शेतीच्या प्रयोगांत ही पद्धत प्रत्यक्ष वापरली जाते.

अशा कोड्यात बेरीज-वजाबाकी लागत नाही, पाठांतरही लागत नाही. लागते ती एवढीच शिस्त : कारण सांगता आल्याखेरीज कोणत्याही घरात अंक लिहावयाचा नाही. ऑयलरसारख्या थोर पुरुषाच्या शब्दालाही श्रीखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच नियम लावला. आपणही वहीत सोळा घरे आखावी आणि चार अक्षरे व चार अंक घेऊन वरीलप्रमाणे रचना करून पाहावी. ती निश्चित साधते.