नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना तो अडकला, तर खर्च किती?

नव्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकायला घेतलं आणि मध्येच स्क्रीन काळी पडली, तर लगेच दुकान गाठू नका. या अडचणींपैकी बहुतेक एक रुपयाही न घालवता सुटतात. मोठा भुर्दंड दोनच कारणांनी बसतो. एक, कुणीतरी घाईत डिस्क फॉरमॅट करतं. दुसरं, लॅपटॉपमधला खरा दोष बदलून मिळण्याची मुदत उलटल्यावर कळतो.

ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपला ही मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची असते. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मूळ विंडोजच चालू द्या. कॅमेरा, स्पीकर, वायफाय, चार्जिंग, सगळं तपासा. विंडोजवरही लॅपटॉप आपोआप बंद पडत असेल, तर त्यात लिनक्स टाकूच नका, सरळ बदलून मागा. विंडोजमधूनच कंपनीचं बायोस अपडेट करून घ्या, चार्जर लावून. ते फुकट असतं आणि कित्येक क्रॅश तिथेच थांबतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद होते. पुढे सिक्युअर बूटची किंवा डिस्कची सेटिंग बदलली, की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच कागदावर उतरवून घ्या. की कुठेच सापडली नाही, तर तो डाटा कुठलाही दुकानदार कितीही पैसे घेऊन परत देऊ शकत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये तुमचं काम आधीच साठलं असेल, तर त्याची प्रत आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा; १ टीबीच्या डिस्कला २०२५ मध्ये साधारण ४ ते ६ हजार रुपये पडत होते. मला हा खर्च चैनीचा वाटत नाही. एसएसडीवरून पुसलेल्या फायली सहसा परत मिळत नाहीत, कारण ट्रिम नावाची सोय ती जागा लवकरच खरोखर रिकामी करते.

इन्स्टॉलर सुरूच होत नसेल किंवा फायली कॉपी होताना दर वेळी वेगळ्याच जागी थांबत असेल, तर पहिला संशय पेनड्राइव्हवर घ्या. चांगल्या कंपनीचा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह २०२५ मध्ये ३०० ते ५०० रुपयांत येत होता. डाउनलोड केलेली फाइल पूर्ण उतरली का, हे तिचा एसएचए-२५६ आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहता येतं. विंडोजमधल्या सर्टयुटिल आज्ञेने तो मिळतो. रूफस, व्हेंटॉय, बलेनाएचर ही पेनड्राइव्ह बनवायची साधनं मोफत आहेत. मित्राने पूर्वी बनवून ठेवलेला लिनक्सचा पेनड्राइव्ह मात्र वापरू नका. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर जुन्या लिनक्सचे बूटलोडर काही लॅपटॉपवर नाकारले जाऊ लागले होते, आणि स्क्रीनवर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येत होता. ताजी आयएसओ फाइल घेतली की हा प्रश्न सहसा उरत नाही. ताज्या फाइलमध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाही, नवा असतो. नुकत्याच बाजारात आलेल्या प्रोसेसरला तो लागतोच: उबुंटू २४.०४ च्या पहिल्या प्रतीत ६.८ कर्नल होता, तर त्याच २४.०४ च्या तिसऱ्या सुधारित प्रतीत ६.१४ आला.

मेनू दिसतो आणि त्यानंतर स्क्रीन काळी पडते, तेव्हा कारण बहुधा ग्राफिक्सचं असतं, त्यातही एनव्हीडियाचं कार्ड असेल तर हमखास. उबुंटूच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ आणि मिंटमध्ये ‘कंपॅटिबिलिटी मोड’ असा पर्याय आहे, तो निवडा. इन्स्टॉल झाल्यावर एनव्हीडियाचा ड्रायव्हर घाला; मिंटमध्ये तो ड्रायव्हर मॅनेजरमधून मिळतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या वेळी बहुतेकदा एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि पुन्हा सुरू होताना निळ्या स्क्रीनवर तो मागितला जातो. पुष्कळजण ती निळी स्क्रीन बघून दचकतात आणि तशीच पुढे ढकलतात. मग ड्रायव्हर चालत नाही आणि ग्राफिक्स कार्ड बिघडलं असा समज होतो. कार्ड उत्तम असतं, फक्त त्या निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल’ म्हणून पासवर्ड द्यायचा असतो.

इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही, किंवा तो इंटेल आरएसटी ही डिस्क हाताळण्याची सेटिंग बंद करायला सांगतो, अशीही वेळ येते. इथे फार सांभाळून चाला, कारण घाईत डिस्क फॉरमॅट होण्याचा धोका याच टप्प्यावर असतो. बायोसमध्ये जाऊन आरएसटी किंवा व्हीएमडी बंद करून एएचसीआय केलं, की विंडोज निळी स्क्रीन दाखवून ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतं. डाटा गेलेला नसतो. सेटिंग पूर्ववत केली की विंडोज पुन्हा उघडतं. योग्य क्रम असा: आधी बिटलॉकर थांबवा, विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटवर खूण करा, मग बायोसमध्ये बदल करा. विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडलं की ती खूण काढा. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पूर्ण पासवर्ड पाठ असू द्या. खर्च शून्य.

वायफायचं दुखणं वेगळं. मीडियाटेकच्या एमटी ७९०२ या चिपला बरीच वर्षं लिनक्सचा ड्रायव्हरच नव्हता, आणि ती स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास असते. तूर्त फोन यूएसबी केबलने जोडून इंटरनेट घ्या. कायमसाठी लिनक्सवर चालणारा यूएसबी डोंगल ५०० ते १,००० रुपयांत मिळतो. कार्ड बदलता येण्याजोगं असेल तर इंटेलचं एएक्स२१० साधारण दोन-अडीच हजारांत बसतं. एएक्स२११ घेऊ नका, ते फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतं.

हे सगळं करूनही क्रॅश होत असेल तर मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी रॅम सदोष धरा. रॅमच्या किमती २०२५ च्या अखेरीपासून खूप चढल्या आहेत, त्यामुळे वॉरंटी असताना पदरचे पैसे घालून रॅम घेणं म्हणजे शुद्ध नुकसान. लॅपटॉपऐवजी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग घेऊन जोडलेला डेस्कटॉप असेल तर आधी बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून पाहा. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस नवं आहे ना, हे बघा. त्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष होता. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड सुधारला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. फायली उलगडताना इन्स्टॉलर कोसळणं हे त्या दोषाचं नेहमीचं लक्षण.

स्वतः करणं जमत नसेल, तर लिनक्स टाकून देण्याचे दुकानात साधारण ५०० ते १,००० रुपये घेतात, घरी बोलावलं तर थोडे जास्त. कामाआधी ‘विंडोजचं पार्टिशन पुसायचं नाही’ हे बिलावर लिहून घ्या. विंडोज उडालं तरी नव्या लायसन्ससाठी पैसे देऊ नका. विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये की फर्मवेअरमध्येच असते, पुन्हा तीच आवृत्ती टाकली की परवाना आपोआप लागू होतो. बाजारात विंडोज ११ होमला १०,००० रुपयांच्या पुढे मोजावे लागतात, म्हणून हे आवर्जून सांगतो. डेल, एचपी, लेनोवो मूळ विंडोज परत टाकायची साधनं मोफत देतात.

सर्व्हिस सेंटरने ‘लिनक्स टाकलंत, वॉरंटी गेली’ म्हटलं तर वॉरंटीपत्रातलं ते कलम लेखी दाखवायला सांगा. हार्डवेअरची वॉरंटी नुसत्या लिनक्समुळे सहसा जात नाही, पण तपासणीसाठी मूळ विंडोज मागण्याचा त्यांचा आग्रह असतो. डेल, एचपी आणि लेनोवोच्या लॅपटॉपमध्ये विंडोजशिवाय चालणारी हार्डवेअर चाचणी असते. ती चालवून येणाऱ्या एरर कोडचा फोटो काढा आणि तक्रारीला जोडा. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर तक्रारीला शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते. वकील बंधनकारक नाही. जीएसटीचं बिल, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट आणि एरर कोडचे फोटो एवढी कागदपत्रं हाताशी ठेवा.