देशाचा संसार

माल विकून चार पैसे हातात आले, की घरात काय होते? धनी म्हणतो, "विहीर आणखी खोल करू. पुढच्या साली पीक वाढंल." कारभारीण म्हणते, "आधी घर शाकारा. पोरांच्या पोटाचं बघा." दोघांचेही खरे असते. पैसा मात्र तेवढाच असतो.

देशाचा संसारही असाच आहे. कारखाने काढले, धरणे बांधली, की देशाचे उत्पन्न वाढते. ते वाढायलाच हवे. पण तेवढ्याने भागते का? प्रत्येक हाताला काम हवे. महागाई आटोक्यात हवी. जमीन आणि पाणी नातवंडांसाठी उरायला हवे. या साऱ्यांचा मेळ घालणे, हेच सरकारचे अवघड काम.

आपल्याच राज्यातली गोष्ट पाहू. 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी मुंबईत गिरण्या चालू होत्या. कारखाने होते, व्यापार होता. तरी खेड्यातली लाखो माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. राज्याचे उत्पन्न वाढले होते. ते सगळ्या शिवारांत पोचले नव्हते.

मग उपाय काय? तो आधीच सुचलेला होता. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यावे, असे त्यांचे म्हणणे. 1965 साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात ते लहान प्रमाणावर करून पाहिले होते. दुष्काळानंतर त्याला जोर आला. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत काम द्यायचे. नाही दिले, तर रोज 1 रुपया भत्ता द्यायचा.

पैसा कुठून आणला? शहरातले नोकरदार, डॉक्टर, वकील यांच्यावर व्यवसाय कर बसवला. जेवढा कर जमेल, तेवढीच भर सरकारने घालायची. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, तशी ही रीत.

यावर काही लोक म्हणत, "हाच पैसा कारखान्यात घाला. उत्पन्न लवकर वाढेल." हे बोलणे अगदीच खोटे नव्हते. मजुरीत गेलेला रुपया कारखान्यात घालता येत नाही. जिथे कामाची निवड चुकली, हजेरीपटावर खोटी नावे चढली, तिथे पैसा मातीत गेला. पण जिथे बांधबंदिस्ती नीट झाली, पाझर तलाव झाले, तिथे मजुराला भाकरी मिळाली आणि खालच्या विहिरींना पाणीही आले. आजचे पोट भरले आणि उद्याचे पीकही वाढले.

पुढे 2005 साली संसदेने सगळ्या देशासाठी असा कायदा केला. खेड्यातल्या कुटुंबाला वर्षात 100 दिवस कामाची हमी त्यात दिली होती.

म्हणून देशाचे उत्पन्न वाढले असे वाचले, की आपण आनंद मानू. पण सोबत तीन गोष्टी विचारू. काम किती हातांना मिळाले? बाजारात भाव काय झाला? गावचे पाणी वाढले की आटले?

आपल्या गावात काम निघेल, तेव्हा ग्रामसभेत जाऊन बसा. कोणते काम घ्यायचे ते तिथे बोला. आता तुम्हांला वाचता येते. हजेरीपटही वाचून बघा.