कारागृहातील एचआयव्हीबाधितांचे जीवनमान : एक अभ्यास टिपण

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून एआरटी औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. आज नियमित औषध घेणारी एचआयव्हीबाधित व्यक्ती दीर्घकाळ कार्यक्षम जीवन जगू शकते. त्यामुळे ‘रुग्ण किती जगेल’ याबरोबरच ‘कसा जगेल’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला आहे. कारागृहात तो अधिक तीव्र होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधितांचे जीवनमान मोजण्यासाठी ३१ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली सिद्ध केली आहे. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, स्वावलंबन, सामाजिक संबंध, परिसर आणि श्रद्धा ही तिची सहा अंगे होत. गोळीचा थेट परिणाम होतो तो मुख्यतः पहिल्या अंगावर. उरलेली अंगे कारागृहाच्या व्यवस्थेवर अवलंबून असतात. दाटीच्या, कोंदट बराकीत क्षयरोगाचा धोका वाढतो. म्हणून खोकला, ताप व वजनातील घट यांची वेळोवेळी चौकशी आवश्यक ठरते. औषधासाठी वेगळी रांग लावली, तर आजार सर्वांना कळतो आणि त्या भीतीने बंदी औषधच टाळतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीविना चाचणी, गोपनीयतेचा भंग व भेदभाव यांस त्याने प्रतिबंध केला आहे. या तरतुदींचे पालन हादेखील उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

सर्वांत नाजूक क्षण मात्र सुटकेचा. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी न्यायाधीन होते. जामीन कोणत्या दिवशी मिळेल, हे त्यांना आधी ठाऊक नसते. सायंकाळी सुटलेला बंदी औषधाविना घरी गेला, तर उपचार खंडित होतो. काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतो. वारंवार खंड पडल्यास औषधेही निष्प्रभ होऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील २४ वा नियम बंद्यांना समाजातील इतरांइतकीच आरोग्यसेवा आणि उपचारांचे सातत्य मिळावे, असे सांगतो.

म्हणून बंदी एआरटीवर येताच त्याच्या उपचारपत्रिकेची प्रत व घराजवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता बंद लिफाफ्यात तयार असावा. सुटकेच्या वेळी त्यासोबत किमान महिनाभराची औषधे त्याच्या हाती पडावीत. न्यायालयाने स्वातंत्र्य काढून घेतले, तरी आरोग्याचा हक्क काढून घेतलेला नसतो, याची जाणीव आपण सर्वांनी ठेवावी.