गोविंदाचा सुरक्षापट्टा कसा निवडावा?

गुरुपौर्णिमा झाली की गिरगावच्या वाड्यांतून आणि चाळींच्या चौकांतून रात्री उशिरापर्यंत थरांच्या सरावाचा गलका ऐकू येऊ लागतो. माझा दवाखाना अशाच एका चाळीच्या तळमजल्यावर आहे. गोपाळकाल्याच्या दिवशी तो मी कधी बंद ठेवीत नाही. त्यामागे श्रद्धा आहेच, पण अनुभवही आहे.

गेल्या वर्षी सरावाच्या दिवसांत आमच्या वाडीतली दोन मुले एक पिशवी घेऊन आली. "डॉक्टरकाका, वरच्या पोरासाठी बेल्ट आणलाय. चालेल का, जरा बघता?" पिशवीत इमारतीच्या कामावर वापरतात तसा जुना कमरपट्टा होता. वरच्या थरावर चढणारा मुलगा बरोबरच होता. नुकतीच चौदा वर्षे पूर्ण झालेला, अंगाने काटकुळा. मी पट्टा त्याच्या कमरेला बांधला, शेवटच्या भोकात बक्कल लावले आणि मागच्या कडीला धरून दोघांना त्याला फूटभर उचलायला सांगितले. पट्टा सरकून थेट बरगड्यांशी गेला. पोराचा श्वास कोंडला, डोके खाली आले आणि तो पट्ट्यातून निसटू लागला. आम्ही त्याला लगेच खाली घेतले. दोघा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. पट्टा आणून आठवडा झाला होता, पण पोराला त्यात लटकवून पाहण्याचे कोणालाच सुचले नव्हते.

म्हणून आजचा हा विषय.

उंचीवरून पडणे म्हणजे काय?

वीस फुटांवरून पडणारे शरीर साधारण एक सेकंदात जमिनीवर येते. त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर असतो. चाळीस फुटांवरून हाच वेग ५५ च्या पुढे जातो. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून जागतिक विक्रम केला, तेव्हा उंची ४३ फुटांहून अधिक भरली होती. २०२५ साली ठाण्यातच दहा थर लागले. थरांची संख्या वाढते, पण पाठीचा कणा आजोबांच्या वेळी होता तेवढाच मजबूत आहे.

पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडते आणि त्याच धक्क्याने कमरेचा मणकाही दबतो. म्हणून टाच मोडलेल्याची पाठ तपासल्याशिवाय राहू नये. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे ते अनेकदा डोक्यावर पडते. डोक्याला शिरस्त्राण असले तरी मानेला ते वाचवीत नाही. शरीर जमिनीपर्यंत पोचूच नये, एवढ्यासाठी सुरक्षापट्टा.

कमरपट्टा का नको?

कमरपट्टा अडकून राहतो तो ओटीपोटाच्या हाडांच्या कडांवर. वाढत्या वयाच्या मुलांत या कडा पुऱ्या उठून आलेल्या नसतात. धक्का बसताच पट्टा वर सरकून पोटावर येतो आणि सगळा जोर प्लीहा, यकृत व आतड्यांवर पडतो. मणका मध्येच दुमडून मोडू शकतो. शिवाय देह उलटा झाला तर माणूस पट्ट्यातून निसटतो.

ही केवळ माझी भीती नाही. परदेशी कारखान्यांत आणि बांधकामांवर हा धडा पूर्वीच शिकला गेला. पडणाऱ्याला अडवण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरण्यास अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. तिथे झाडावर मचाण बांधून हरणाच्या शिकारीला बसणारे हौशी लोकही पूर्वी कमरेला पट्टा किंवा दोर बांधीत. आता त्यांनाही सर्वांगाचा पट्टाच वापरायला सांगितले जाते. मचाणावर एकटा बसलेला शिकारी काय किंवा सहाव्या थरावरचा गोविंदा काय, खाली ओढणारी शक्ती एकच.

निवडताना

१. पट्टा सर्वांगाचा घ्यावा. दोन्ही खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या यांना वेढणारा. धक्का मांड्या, नितंब व खांद्यांवर वाटला जातो आणि देह उभा राहतो. गिर्यारोहक वापरतात तो कमर आणि मांड्यांपुरता पट्टा प्रौढांना ठीक, पण बारीक कमरेच्या मुलाला नको.

२. दोर लावण्याची कडी पाठीवर, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये असावी. म्हणजे दोर तोंडासमोर येत नाही आणि हात मोकळे राहतात. गिर्यारोहणाच्या काही पट्ट्यांत ती छातीवर असते, तीही चालते. कमरेच्या बाजूला असलेल्या कड्या मात्र काम करताना तोल सावरण्यासाठी असतात. पडणाऱ्याला अडवण्यासाठी त्यांना दोर लावू नये.

३. माप वजनाप्रमाणे पाहावे. मोठ्या माणसाचा पट्टा आवळून मुलाला बसवणे म्हणजे वडिलांचा बूट कागद कोंबून घालण्यासारखे आहे. चाळीस किलोच्या आतल्यांसाठी गिर्यारोहणाचे वेगळे लहान सर्वांगी पट्टे मिळतात.

४. शिवलेली चिठ्ठी वाचावी. भारतीय मानक आयएस ३५२१, किंवा युरोपचे ईएन ३६१ आणि गिर्यारोहणासाठी ईएन १२२७७ यांपैकी क्रमांक, तसेच निर्मितीचे वर्ष त्यावर असते. चिठ्ठीच नसेल तर पट्टा परत करावा.

५. वापरलेला पट्टा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. एकदा माणूस अडवलेला पट्टा बाद समजावा. त्याचे टाके आतून उसवलेले असतात आणि ते वरून दिसत नाही.

बांधताना

आधी पट्टा मागच्या कडीला धरून झटकावा, म्हणजे पीळ निघतात. मग खांदे, छाती आणि शेवटी मांड्या. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, पण मूठ जाऊ नये. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर असावा. तो गळ्याकडे सरकला तर लटकताना गळा आवळतो. गळ्यातील साखळी, ताईत, कमरेचा करगोटा काढून ठेवावा. महिला पथकांतील मुलींनी केस घट्ट बांधावेत.

यानंतर माझ्या दवाखान्यात केली तीच परीक्षा. जमिनीपासून फूटभर उंचीवर गोविंदाला मिनिटभर लटकवावे. श्वास मोकळा आहे का, कुठे काचते का, पट्टा सरकतो का, हे त्यालाच विचारावे. दर वर्षी, दर मुलामागे, सरावाच्या पहिल्या रात्री हे करावे. मुले महिन्याभरातही वाढतात.

दोर आणि दोर धरणारा

पट्टा कितीही चांगला असला तरी त्याचे दुसरे टोक कशाला बांधले आहे, हे महत्त्वाचे. हंडीच्याच दोराला ते बांधू नये, कारण तो दोर वरखाली होतो. चाळीच्या सज्जाच्या लाकडी कठड्याला तर मुळीच नाही. आमच्याकडचे कठडे शंभरी गाठलेले आहेत. अमेरिकी नियमात एका माणसाला अडवणाऱ्या आधाराने सुमारे २,२०० किलोंचा भार सोसावा अशी अपेक्षा असते. यावरून कल्पना यावी. आधार डोक्याच्या वर, स्वतंत्र आणि जाणकाराने तपासलेला हवा.

दोरात ढील राहू देऊ नये. चार फूट ढील म्हणजे चार फूट मोकळे पडणे आणि मग हिसका. दोर नुसत्या हातांनी धरू नये. पडणाऱ्याच्या भाराने तो तळव्यांतून सुटतो आणि कातडी सोलून नेतो. गिर्यारोहक दोर रोखण्यासाठी छोटे धातूचे साधन वापरतात, ते शिकून घ्यावे. मुंबईत सह्याद्रीच्या कडेकपारी चढणाऱ्या मंडळींची वानवा नाही. त्यांतल्या एकाला पथकात बोलवावे. दोर धरणाऱ्याने त्या दिवशी नाचायचे नाही, मोबाइलवर चित्रीकरण करायचे नाही आणि अर्थातच काही प्यायचे नाही.

अडकला किंवा पडला तर

पट्ट्यात लटकलेल्याला "जरा थांब" म्हणू नये. पाय निश्चल लोंबकळत राहिले की रक्त पायांत साचते आणि शुद्ध हरपू शकते. त्याला पाय हलवत राहायला सांगावे आणि ताबडतोब खाली घ्यावे. शुद्ध गेली असेल तर खाली आल्यावर आडवे ठेवून श्वास पाहावा. अशा माणसाला बसवून ठेवण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे.

जमिनीवर पडलेल्याला हातापायाला धरून उचलू नये. मान आणि डोके एका रेषेत धरून ठेवावे, पाणी पाजू नये, १०८ क्रमांकाला फोन करावा. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, वारंवार उलटी, गुंगी, कानानाकातून रक्त किंवा पाणी यांपैकी काहीही असले तर थेट मोठे रुग्णालय. हिसका बसलेल्याच्या पोटावर पट्ट्याचा वळ असेल, पोट किंवा डावा खांदा दुखत असेल, तर तो हसतखेळत असला तरी तपासून घ्यावा. प्लीहेचा रक्तस्राव कधी कधी काही तासांनी उघड होतो.

पट्टा म्हणजे परवाना नव्हे

ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न विधिमंडळावर सोडला. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेतले जाणार नाही, अशी हमी मात्र राज्य शासनाने त्या वेळी न्यायालयात दिली. तरीही २०२५ च्या सरावात मुंबईच्या उपनगरात अकरा वर्षांचा मुलगा वरून पडून दगावला. "आमच्याकडे बेल्ट आहे, मग नऊ वर्षांचा चढवला तर काय झालं?" असे मला विचारतात. पट्ट्याने मुलाचे वय वाढत नाही. आणि पट्टा फक्त वरच्या एकालाच असतो. थर कोसळला की मधल्या थरांतले मोकळेच पडतात. त्यांच्यासाठी जाड गाद्या, शिरस्त्राण आणि "आज एक थर कमी" असे म्हणण्याचे धैर्य, एवढेच संरक्षण आहे.

गेल्या वर्षी त्या मुलांनी जुना कमरपट्टा माझ्याच टेबलावर ठेवला आणि वर्गणीतून नवा सर्वांगी पट्टा घेतला. ढोलताशाचा एक दिवस कमी केला, एवढेच. काल्याच्या दिवशी सातव्या थराला पाय घसरून तो मुलगा पडला, दोरावर चार वेळा हेलकावला आणि खाली येऊन पहिल्यांदा आईकडे गेला. खांद्यावर थोडे खरचटले होते. त्यावर औषध लावून मी त्याला घरी पाठवले.

तो पट्टा आता बाद झाला आहे. यंदा नवा घ्या, असे त्या मुलांना मी बजावले आहे. वाचकहो, आपल्या वाडीतल्या पथकाकडेही या रविवारी एकदा चौकशी करावी.